बालमैत्री, आणि मोठेपणी गुंतलेला जीव

प्रश्न: आम्ही पहिलीपासून एका वर्गात. दहावीनंतर तो शिकायला बाहेर गेला. आता तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा रोज भेटतोय आणि माझा त्याच्यात जीव गुंतलाय. ज्याला भावासारखं मानलं त्याच्याबद्दल असं वाटणं विचित्र आहे का? सांगितलं तर मैत्रीही जाईल, अशी धास्ती वाटते.

उत्तर: विचित्र मुळीच नाही, पण 'भावासारखं' ही शंका निराधारही नाही. अगदी लहानपणी एका घरात वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांचं शारीरिक आकर्षण सहसा वाटत नाही, असं फिनलंडचे अभ्यासक एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडलं. इस्रायलमधल्या किबुत्झ नावाच्या सामूहिक वसाहतींत, सगळ्यांच्या मुलांसाठीच्या सामाईक बालगृहात एकत्र वाढलेल्यांची आपसात लग्नं फारच थोडी झाली, हा त्याचा नेहमीचा दाखला. कारणांवर वाद आहेत. मात्र हा सगळा विषय पहिल्या पाच-सहा वर्षांच्या रात्रंदिवस सहवासाचा. तुम्ही शाळेत भेटलात, संध्याकाळी आपापल्या घरी गेलात, आणि मध्ये दहा-बारा वर्षांचं अंतर पडलं. कॅनडा-अमेरिकेतल्या सुमारे १,९०० जणांच्या माहितीवर आधारलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात ६८ टक्के लोकांनी आपलं नातं आधी मैत्री म्हणूनच सुरू झाल्याचं सांगितलं होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे: जीव आजच्या त्याच्यात गुंतलाय, की आठवणीतल्या मुलात? हे तपासता येतं. महिनाभर भेटीत शाळेचा विषय काढू नका. पैसे, काम, मूल हवं की नको, आईवडिलांची जबाबदारी, यांवर त्याचं आजचं म्हणणं ऐका. बोलणं आटत असेल, तर ओढ बहुधा आठवणींची आहे. दोघांपैकी कुणाचं नातं नुकतंच तुटलं असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल, तर तीन-चार महिने थांबा. त्या दिवसांत आधाराची गरज हुबेहूब प्रेमासारखी भासते.

मग सांगून टाका. दोघंच असताना, समोरासमोर, दारू घेतलेली नसताना. मैत्री नासते ती सांगितल्याने कमी, वर्षभर आडून आडून बोलल्याने जास्त: त्याला कळतं पण विचारता येत नाही, आणि तुम्ही त्याच्या प्रत्येक मेसेजचा अर्थ लावत बसता. चार वाक्यं पुरेत. 'तू मित्र म्हणून आवडतोसच, पण आता मला त्यापलीकडे वाटतंय. तुला तसं वाटत नसेल तर स्पष्ट सांग, मी ऐकून घेईन. लगेच उत्तर देऊ नकोस. आठ-दहा दिवस घे.' तोवर त्याच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला चाचपणीला धाडू नका. बालमैत्रीत दोन्ही घरं गुंतलेली असतात, आणि बोभाटा झाला की त्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही.

नकार आलाच तर दुसऱ्या दिवशी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने जाऊ नका. महिना-दीड महिना कमी भेटेन, असं त्याला सांगून अंतर ठेवा. न सांगता गायब झालात तर त्याला ती शिक्षा वाटेल.

प्रश्न: बालमैत्रिणीशी पाच महिन्यांपूर्वी जुळलं. भांडण झालं की ती माझ्या लहानपणच्या गोष्टी काढते. काय करू?

उत्तर: ती गुपितं तुम्ही मैत्रिणीला सांगितली होती, आता ती भांडणात हाताशी येतात, आणि घाव वर्मी बसतो. शांत असताना बसा आणि कोणते विषय भांडणात आणायचे नाहीत ते नावानिशी ठरवा: नापास झालेलं वर्ष, वडिलांचं व्यसन, जे असेल ते. दोघांनाही बंधन सारखंच. 'जुनं काढायचं नाही' असं मोघम ठरवलंत तर पहिल्याच भांडणात मोडेल.

आणखी एक गोष्ट बालमित्रांच्या जोड्यांत हमखास राहून जाते. आजवर कुणाशीही बिनसलं की मन मोकळं करायला तीच होती. आता तक्रार तिच्याचबद्दल असेल तर बोलणार कुणाशी? दोघांच्या जुन्या कंपूबाहेरचा, पोटात गोष्ट ठेवणारा एक माणूस तुम्हालाही हवा आणि तिलाही. तो कोण, हे एकमेकांना माहीत असू द्या.