पावसाळी घाट आणि मोटारसायकल

प्रश्न : माझ्या मुलाने नुकतीच दीडशे सीसीची मोटारसायकल घेतली असून पहिल्याच पावसात मित्राला मागे बसवून ताम्हिणी घाटातून माणगावला जायचे म्हणतो. त्याला अडवावे का? — एक आई, पुणे

उत्तर : अडवू नका, ताई. मुळशी धरणाच्या काठाने जाताना अंगावर येणारा वारा बंद गाडीत मिळत नाही, आणि तरुण वयातली ही ओढ निखळ आहे. मात्र पहिला पाऊस जाऊ द्या, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ त्या सरींबरोबर वर येऊन डांबर अतिशय निसरडे होते. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक असले, तरी सिंगल चॅनल एबीएस केवळ पुढच्या चाकाला सांभाळते. मागचा ब्रेक करकचून दाबला, तर मागचे चाक लॉक होऊन घसरू शकते. म्हणून वेग वळणात शिरण्याआधीच कमी करावा आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचे आहे, आणि हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जाऊ शकते, तेव्हा निघताना दोघांचेही पट्टे तुम्ही स्वतः ओढून पाहा.