कायदेविषयक सल्ला: कुजलेल्या फळ्या आणि न झालेल्या तीन सह्या

प्रश्न: जुनी बोट स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची हौस होती, म्हणून नद्या-जलाशयांत चालणारी, इंजिनाची एक लाकडी बोट विकत घेतली. ती कित्येक वर्षं एका यार्डात ठोकळ्यांवर पडून होती. नोंदणी मूळ मालकांच्या नावावर आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्या मुलानं पूर्ण पैसे घेऊन साध्या कागदावर पावती दिली: ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे विकली.’ व्यवहाराआधी त्यांचा मेसेज होता, ‘आतला सांगाडा ठणठणीत आहे, काम फक्त वरवरचं आहे.’ रंग खरवडला तर खाली लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरलेली आणि तिच्याखाली कुजकं लाकूड. काही फळ्या काढून पाहिल्या, आतल्या बरगड्याही गेलेल्या. आता यार्डवाले म्हणतात, जुनी बाकी भरल्याशिवाय बोट हलू देणार नाही. त्यातच मालकांच्या मुलीचा फोन आला की विक्रीला आमची संमतीच नव्हती. पैसे परत मिळतील का? पोलिसांत जावं का? एक मित्र म्हणतो, रात्री क्रेन लावून बोट उचलून नेऊ.

उत्तर:

आज एवढं करा, पटाशी खाली ठेवा. काढलेल्या फळ्या टाकू नका, जाळू नका, त्यांवर क्रमांक घालून बोटीशेजारीच झाकून ठेवा. फसवणूक झाली म्हणून करार रद्द करायचा असेल तर घेतलेली वस्तू परत द्यावी लागते, हे भारतीय करार कायदा १८७२च्या कलम ६४मधून येतं. कूज शोधताना काढलेल्या फळ्यांचं समर्थन करता येईल, कारण त्या काढल्याशिवाय कूज दिसणारच नव्हती. पण कूज कळल्यानंतरही तुम्ही नवं लाकूड बसवत राहिलात, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की बोट नको होती, तर दुरुस्त का करत होतात?

तुमच्या पत्राची बहुतेक जागा कुजलेल्या लाकडानं व्यापली आहे आणि त्या फोनला एकच ओळ मिळाली आहे. मला तो फोन जास्त गंभीर वाटतो.

बोट ही जंगम वस्तू आहे, त्यामुळे तिच्या विक्रीला वस्तुविक्री कायदा १९३० लागतो. साध्या कागदावरच्या पावतीनं व्यवहार बाद होत नाही, ती काळजी सोडा. अडचण कलम २७ची आहे. विकणाऱ्याकडे जेवढी मालकी, तेवढीच घेणाऱ्याला मिळते. या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा १९५६ लागू असेल आणि बोट वडिलांच्या स्वकमाईची असेल, तर पत्नी आणि तीन मुलं असे चौघं सारख्या हिश्शाचे मालक झाले. मूळ मालकांच्या आई हयात असतील तर त्याही वारस आहेत, हे विचारून घ्या. म्हणजे थोरल्या मुलाकडे विकायला फार तर चौथा हिस्सा होता, आणि तुम्ही पूर्ण पैसे मोजून कदाचित त्या भावंडांचे आणि त्यांच्या आईचे भागीदार झाला आहात.

यावर कलम २८ची एक पळवाट आहे. सहमालकांच्या परवानगीनं वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि घेणाऱ्यानं ती सद्भावनेनं, विकणाऱ्याला अधिकार नाही याची कल्पना नसताना घेतली असेल, तर घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते. तुमच्या बाबतीत मी तिच्यावर फारसा भरवसा ठेवणार नाही. बोट थोरल्या मुलाच्या ताब्यात नव्हती, यार्डात होती. शिवाय नोंदणीपत्रावर वडिलांचं नाव तुम्ही स्वतः वाचलं होतं. बाकीच्यांच्या सह्या कुठे आहेत, हे तेव्हा का विचारलं नाही, याचं पटेल असं उत्तर द्यावं लागेल.

मालकी खरोखरच कोसळली तर तुम्ही अगदीच वाऱ्यावर नाही. विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही अट विकणाऱ्यानं उच्चारली नाही तरी कलम १४नुसार करारात गृहीत असते. ‘जशी आहे तशी’ हे शब्द वस्तूच्या अवस्थेबद्दल आहेत. विकणारा मालक आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी झाकला जात नाही. दुरुस्तीवर केलेल्या खर्चाचं काय, तर १९४९चा मेसन विरुद्ध बर्निंगहॅम हा इंग्रजी निवाडा तुमच्या कामाचा आहे. एका बाईंनी जुना टाइपरायटर घेऊन दुरुस्त करवला, तो चोरीचा निघाला आणि खऱ्या मालकाला द्यावा लागला. कोर्टानं त्यांना किमतीबरोबर दुरुस्तीचा खर्चही विकणाऱ्याकडून मिळवून दिला. आपल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही, पण आपला कायदा त्याच इंग्रजी मुशीतला असल्यानं त्याचा आधार घेता येतो. म्हणून लाकूड, रंग, खिळे, मजुरी, सगळ्याची बिलं जपा.

आता कूज. इथे कायदा घेणाऱ्याच्या बाजूचा नाही, हे आधी सांगतो. दर्जाची सर्वसाधारण हमी कायदा देत नाही. कलम १६मधले अपवाद मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यांपुरते आहेत, आणि वडिलांची बोट विकणारा मुलगा बोटींचा व्यापारी नव्हे. (ग्राहक आयोगाचा रस्ताही याच कारणानं बंद आहे.) विकणारा नुसता गप्प राहिला, तर करार कायद्याच्या कलम १७नुसार सहसा ती फसवणूक होत नाही. वर कलम १९ सांगतं की साध्या दक्षतेनं सत्य कळण्यासारखं होतं, तर चुकीच्या निवेदनाच्या किंवा मौनाच्या जोरावर करार रद्द करता येत नाही. बोट समोर उभी होती, टोचून का पाहिली नाही, हा बचाव त्यातूनच येईल.

पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही कलम १७मधली वेगळी फसवणूक आहे, आणि कलम १९चा तो अपवाद तिला लागू होत नाही. तुमच्या दाव्याचा जीव इथे आहे. लाकूड कुजलंय हे ठाऊक असताना त्यावर लांबी दाबून रंग फासला असेल, तर ‘जशी आहे तशी’ हे शब्द विकणाऱ्याला वाचवणार नाहीत. मात्र लांबी कोणी भरली आणि कधी, हे सिद्ध करावं लागेल. ती वडिलांच्याच हयातीत भरलेली निघाली आणि मुलाला पत्ता नव्हता, तर ‘सांगाडा ठणठणीत आहे’ या मेसेजवर भिस्त उरते. ‘ठणठणीत’ हे नुसतं मत होतं, असं ते म्हणतील. माझ्या मते ‘आतला सांगाडा’ असं नेमकं सांगितल्यावर ते विधान होतं. तरी त्या बाजूनं दावा लंगडा आहे, कारण तिथे साध्या दक्षतेचा बचाव पुन्हा उभा राहतो.

म्हणून बोटींची तपासणी करणारा स्वतंत्र सर्व्हेअर बोलवा आणि त्याला नेमके प्रश्न लेखी द्या. रंग आणि लांबी साधारण किती जुनी दिसते? लांबी भरली तेव्हा खालचं लाकूड आधीच कुजलेलं होतं का? तळाचा मुख्य कणा, बरगड्यांची खालची टोकं आणि इंजिनाची बैठक यांची अवस्था काय? जमिनीवर उभ्या राहिलेल्या बोटीत पावसाचं पाणी तळाशी साचतं आणि कूज तिथूनच चढते, तेव्हा वरच्या फळ्या पाहून भागणार नाही. थोरल्या मुलाला तारीख कळवून पाहणीला बोलवा. तो आला नाही तरी बोलावल्याची नोंद राहते. मेसेज मूळ फोनवरच ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं.

यार्डवाल्यांकडे वळू. थकबाकी तुम्ही केलेली नाही, तिचा करार वडिलांशी किंवा वारसांशी आहे. पण वस्तू अडवून धरण्याचा हक्क, म्हणजे लियन, यार्डाला असेल तर तो बोटीबरोबर तुमच्याकडे येतो. असा हक्क आहे का, हे बाकी कशाची आहे यावर ठरतं. करार कायद्याच्या कलम १७०चा लियन श्रम किंवा कौशल्य लावून केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. इंजिन दुरुस्त केलं, तळ घासून दिला, याचे पैसे त्यात येतात. बोट नुसती उभी ठेवल्याचं भाडं येत नाही. कलम १७१ मात्र धक्क्याचा व्यवसाय करणाऱ्यांना जास्त व्यापक लियन देतं, आणि यार्डवाले स्वतःला त्यात बसवायला पाहतील. जुन्या करारात तसं कलम असेल तर प्रश्नच मिटतो. तेव्हा त्यांच्याकडे लेखी करार आणि वर्षवार, बाबवार हिशेब मागा.

दोन गोष्टी त्यांनाही माहीत असू द्या. लियन म्हणजे अडवून धरणं, बोट परस्पर विकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि स्वतःच्या बाकीसाठी बोट अडवून ठेवली, तर त्या अडवणुकीच्या काळाचं भाडं लावता येत नाही, हे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं १८६०मध्ये एका जहाजदुरुस्तीच्याच खटल्यात ठरवलं आहे. तुम्ही विकत घेतल्यापासून ते अडवणूक सुरू होईपर्यंतचं भाडं मात्र तुमचं आहे. ते आजच भरून पावती घ्या. जुन्या बाकीतली रास्त रक्कम भरणं भाग पडलं तर पावतीवर ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहून घ्या. दुसऱ्याचं कायदेशीर देणं आपल्या हितासाठी भरावं लागलं, तर करार कायद्याच्या कलम ६९खाली ते वसूल करता येतं. शिवाय न सांगितलेला बोजा वस्तूवर नाही, ही हमी वस्तुविक्री कायद्याच्या कलम १४मध्ये आहेच.

क्रेनबद्दल तुमच्या मित्राला सांगा की माणूस स्वतःच्या वस्तूची चोरी करू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३मध्ये, जुन्या दंडसंहितेतून जसंच्या तसं आलेलं, एक उदाहरण आहे: दुरुस्तीचे पैसे देणं असताना कारागिरानं हक्कानं ठेवून घेतलेलं आपलंच घड्याळ मालकानं त्याचं तारण बुडवायच्या हेतूनं उचललं, तर ती चोरी. इथे तर बोट पूर्णपणे तुमची आहे हेसुद्धा ठरायचं आहे. याहून व्यवहारी कारण असं की लांबी कोणी भरली, रंग कोणी दिला, कोण कधी येऊन गेलं, हे सांगू शकणारी माणसं त्या यार्डातच आहेत. तुमचे सगळ्यात चांगले साक्षीदार यार्डवालेच आहेत. त्यांच्याशी भांडण परवडणार नाही.

पोलिसांत आत्ता जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहाराच्या वेळीच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं. सर्व्हेअरचा अहवाल हाती नसताना ते जमणार नाही, आणि तक्रार गेली की घरातली चौघं एका बाजूला होतील. तुम्हाला ती चौघं एका कागदावर हवी आहेत.

पैसे परत हवेत की बोट, हे तुम्ही ठरवलेलं दिसत नाही. विचारलंत पैशांचं, पण पत्रभर बोट सोडवत नाही असाच सूर आहे. दोन्ही मागण्या एका नोटिशीत घालू नका, मुळातच त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. तळाचा कणा गेला असेल, तर मी करार रद्द करून पैसे मागेन. पहिल्याच प्रकल्पात कणा बदलायला घेणं म्हणजे जवळजवळ नवी बोट बांधणं. कणा शाबूत असेल तर बोट ठेवा आणि कुजेबद्दलचा दावा सह्या मिळवायला वापरा. थोरल्या मुलाला कळवा की किमतीतला फरक आणि नुकसानभरपाई यांचा दावा तयार आहे, आणि तो सोडायचा तर दोन गोष्टी हव्यात: आई, बहीण आणि भावाच्या सह्यांचा नवा विक्री-दस्त, आणि यार्डाचा ‘बाकी नाही’ असा दाखला. कुजक्या फळ्यांच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षं कोर्टात जाण्यापेक्षा या तीन सह्यांचं मोल जास्त आहे. बहिणीला तिच्या हिश्शाचे पैसे मिळाले की तिचा विरोध बहुधा मावळेल. ते पैसे थोरल्याकडे आहेत, तुमच्याकडे पुन्हा मागायचं कारण नाही. दस्तात बोटीचं वर्णन, इंजिनाचा क्रमांक, नोंदणी क्रमांक, पैसे मिळाल्याची चौघांची कबुली आणि जुनी देणी विकणाऱ्यांची, एवढं यायलाच हवं.

मुदत सहसा तीन वर्षांची. फसवणूक असेल तर ती उघडकीला आल्यापासून मोजली जाते. एवढा वेळ आहे म्हणून थांबू नका, कारण उघडं पडलेलं लाकूड दरम्यान आणखी कुजेल आणि तेव्हाची अवस्था काय होती, हा नवाच वाद उभा राहील.

नोंदणीचं काम सह्यांनंतर. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१खाली इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र असल्याशिवाय पाण्यात चालवता येत नाही. नाव बदलायचा अर्ज देतानाच दुरुस्तीचा आराखडा अधिकाऱ्यांना दाखवा, म्हणजे इंजिन किंवा बांधणी बदलल्यावर पुन्हा हेलपाटे पडणार नाहीत. समुद्रात चालणारी बोट असती तर बंदराची देणी आणि खलाशांचे थकलेले पगारही तपासायला सांगितलं असतं, कारण अॅडमिरल्टी कायदा २०१७नुसार ते बोजे मालक बदलला तरी बोटीवरच राहतात. पगाराचा दोन वर्षं, बाकीचे एक वर्ष. अंतर्देशीय जलयानांना तो कायदा लागत नाही. तरी नोंदणीपत्र एकदा नीट वाचा आणि बोट नेमकी कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे, हे मला कळवा. नोटिशीचा मसुदा त्यावर अवलंबून राहील.