‘एच-४ वाल्यांची नोकरीची परवानगी रद्द’ अशी बातमी दरवर्षी येते, मग ती रद्द का होत नाही?

तुम्ही विचारलंय की सून अमेरिकेत एच-४ व्हिसावर (एच-१बी या कुशल कामगारांच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) असून नोकरी करते, दर सहा महिन्यांनी ‘परवानगी रद्द’ असा फॉरवर्ड येतो आणि काहीच होत नाही. उलट कधीकधी एखादा नियम रातोरात बदलतो. मग तिथे नियम ठरवतं कोण, सरकार की कोर्ट?

मी वकील नाही. पण २०१५ पासून सात वर्षं याच परवानगीच्या कार्डावर नोकरी केली, त्यामुळे हा विषय हौसेने नाही, पोटासाठी वाचलाय.

ही परवानगी अमेरिकी संसदेच्या कायद्यात कुठेही शब्दात लिहिलेली नाही. कायदा एवढंच म्हणतो की एच-१बी वाल्याचा नवरा किंवा बायको सोबत येऊ शकते. तिने नोकरी करावी की नाही, हे व्हिसा-स्थलांतराचं काम बघणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याने नियम काढून ठरवलं. म्हणजे खात्याने दिलं, ते खातं काढूनही घेऊ शकतं. मग घोडं पेंड कुठे खातं? तर काढून घ्यायलाही तोच सगळा रस्ता पुन्हा चालावा लागतो.

तो रस्ता १९४६च्या एका कायद्याने घालून दिलाय. खात्याने मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे तिथल्या राजपत्रात, छापायचा. लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या, आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यावर मागवतात तशाच. फरक एवढाच की महत्त्वाच्या हरकतींना तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पोकळ निघालं तर न्यायाधीश पूर्ण नियम मनमानी ठरवून फेकून देऊ शकतात. आमच्या नियमाचा मसुदा मे २०१४ मध्ये आला. त्यावर जवळपास १३,००० हरकती-सूचना गेल्या, त्यात एक माझी. (ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवायचा मोह झाला होता, पण एकसारख्या पत्रांना कोण विचारतो, म्हणून रात्री जागून स्वतःच लिहिलं.) अंतिम नियम २५ फेब्रुवारी २०१५ला छापून आला आणि २६ मेपासून लागू झाला. हातात कार्ड आलं त्या दिवशी मी आधी आईला फोन केला, नवऱ्याला नंतर.

आता रद्द करण्याची गोष्ट. ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारने २०१७च्या शेवटी हा नियम काढणार असं आपल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं. तेव्हापासून माझ्या कंपनीतली एचआरवाली बाई दर तिमाहीला विचारायची, ‘तुमचं ते कार्ड राहणार आहे ना?’ फेब्रुवारी २०१९ मध्ये मसुदा व्हाइट हाऊसच्या छाननीला गेला. तिथेच बसला. रजिस्टरमध्ये कधी छापलाच गेला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! चार वर्षं आम्ही घर घेणं पुढे ढकललं, ते न छापलेल्या कागदापायी.

छापला का नाही, ते सरकारच जाणे. अडचण मात्र उघड होती. २०१५ मध्ये त्याच खात्याने लिहून ठेवलं होतं की या परवानगीने कुशल माणसं अमेरिकेत टिकतील. आता ते खोडायचं तर नवी कारणं द्यायची, या भरवशावर ज्यांनी नोकऱ्या धरल्या त्यांचं काय याचाही विचार केल्याचं दाखवायचं. लहानपणी आलेल्या बेकायदा स्थलांतरितांना संरक्षण देणारी ‘डाका’ योजना बंद करताना सरकार नेमकं इथेच घसरलं. जून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. योजना बंद करायचा अधिकार आहे, हे खटल्यातल्या दोन्ही बाजूंना मान्य होतं. पण बंद करताना महत्त्वाच्या बाबींचा विचारच केला नव्हता, म्हणून निर्णय टिकला नाही.

रातोरात बदलणाऱ्या नियमांचं रहस्य वेगळं. कायद्यात एक चोरवाट आहे. तातडीचं सबळ कारण असेल तर हरकती न मागवता नियम आधी लागू करता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडमुळे बेकारी वाढल्याचं कारण देऊन एच-१बी साठीचं किमान वेतन असंच वाढवलं. सर्वात खालच्या पायरीचा पगार तोवर असा धरला जायचा की त्या कामातले १०० पैकी १७ जण त्याहून कमी कमावतात. तो आकडा थेट ४५ वर नेला, आणि छापला त्याच दिवशी लागू केला. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायाधीशांनी १ डिसेंबरला तो उडवला. साथ मार्चपासून आहे, नियम ऑक्टोबरमध्ये काढता, मग मधल्या काळात हरकती मागवायला कुणी अडवलं होतं, असा साधारण मुद्दा.

आमच्या ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो आले. पण खरं बोलायचं तर चोरवाट आपल्या फायद्याचीही असते. विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यांना नोकरीसाठी १७ महिने जास्तीचे देणारा २००८चा नियम असाच हरकतींविना आला होता. त्यावर हजारो भारतीय पोरं राहिली. २०१५ मध्ये कोर्टाने तोही याच कारणासाठी रद्द ठरवला. फक्त सरकारला तो रीतसर नव्याने करायला मुदत दिली, आणि २०१६ मध्ये १७चे २४ महिने झाले. तेव्हा कोर्टाला शिव्या घालणारे २०२० मध्ये त्याच तत्त्वाचे गोडवे गात होते. मीही त्यातलीच.

खरी भीती मला २८ जून २०२४ला वाटली. न्यू जर्सीच्या हेरिंग मासे पकडणाऱ्यांनी दावा लावला होता. बोटीवर सरकारी निरीक्षक न्यायचा हे ठीक, पण त्याचा खर्चही आम्हीच करायचा, हे कायद्यात कुठे लिहिलंय? कायदा त्यावर गप्प होता. १९८४च्या ‘शेवरॉन’ निकालापासून पायंडा असा, की कायदा संदिग्ध असेल तर खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानायचा. सुप्रीम कोर्टाने चाळीस वर्षांचा हा पायंडा त्या दिवशी मोडला. अर्थ लावणं हे न्यायाधीशाचं काम, खात्याचं नाही. (गंमत म्हणजे १९८४च्या खटल्यात ज्या पर्यावरण खात्याचा निर्णय वादात होता, त्याच्या तेव्हाच्या प्रमुख अ‍ॅन गोर्सच. पायंडा मोडणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे चिरंजीव नील गोर्सच.)

मासेमारांशी आपला काय संबंध? कायदा गप्प आणि खातं बोललं, हीच तर एच-४ची कथा! आणि आमच्याविरुद्धचा खटला तेव्हा वरच्या कोर्टात चालूच होता. एच-१बी वाल्यांमुळे आपल्या नोकऱ्या गेल्या असं म्हणणाऱ्या अमेरिकी आयटी कामगारांच्या ‘सेव्ह जॉब्ज यूएसए’ या संघटनेने तो २०१५ मध्येच लावला होता. त्यांचा राग मला कळतो. नोकरी गेलेला माणूस कोर्टात जाणारच.

मासेमारांच्या निकालानंतर पाचच आठवड्यांनी, २ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला. परदेशी माणसाला कोणत्या अटींवर राहू द्यायचं हे नियमाने ठरवण्याचा अधिकार कायद्यानेच खात्याला दिलाय, असं त्या कोर्टाने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या परवानगीवरच्या खटल्यात म्हटलं होतं आणि ते त्याला चिकटून राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. तेव्हा सध्यापुरती कोर्टाकडून धास्ती नाही. नकार म्हणजे नियमावर शिक्कामोर्तब नव्हे, हेही खरंच.

सप्टेंबर २०२५ मधला नव्या एच-१बी अर्जांवरच्या एक लाख डॉलर शुल्काचा झटका ही तिसरीच जात. तो खात्याचा नियमच नव्हता, अध्यक्षांची घोषणा होती. अध्यक्षांना १९४६चा कायदा थेट लागू होत नाही, म्हणून ती हरकती-सूचनांच्या भानगडीत न पडता दोन दिवसांत अंमलात आली. पुढचा फॉरवर्ड आला की एवढंच बघा, हा मसुदा आहे, हरकतींविना काढलेला नियम आहे की घोषणा. मसुदा असेल तर निवांत जेवा.

सुनेच्या बाबतीत मला काळजी वाटते ती एका छोट्या बदलाची, ज्याचा फॉरवर्ड तुम्हाला बहुतेक आलाच नसेल. कार्ड संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला की बऱ्याच जणांना जुनं कार्ड ५४० दिवसांपर्यंत आपोआप चालू राहायचं, एच-४ वाल्यांनाही. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ही सोय नाही, आणि हा नियमही त्याच चोरवाटेने आलाय. आता नवं कार्ड वेळेत आलं नाही तर नोकरी थांबवावी लागते. अर्ज कार्ड संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. तेव्हा आज फोन कराल तेव्हा कार्डावरची तारीख विचारा आणि सहा महिने मागे मोजा.