क्वीअर म्हणण्याआधी जरा थांब

अरे तू नवीन आहेस म्हणून सांगतो, गे, लेस्बियन, ट्रान्स असा जो भेटेल त्याला सरसकट क्वीअर म्हणू नकोस. इंग्रजीत आधी त्याचा अर्थ विचित्र, मग ती चक्क शिवी झाली, आणि १९९० ला न्यूयॉर्कमधे क्वीअर नेशन या हक्कांसाठी लढणाऱ्या गटातल्या लोकांनी तीच शिवी छाती पुढे काढून स्वतःला लावली. मुंबईत २००८ ला क्वीअर आझादी मार्च निघाला, त्यामुळे विशीतल्या पोरांना तो हक्काचा शब्द वाटतो, बरोबरच आहे ते. पण आमच्यातले एक काका पूर्वी लंडनला होते, हा शब्द कानावर पडला की आजही हातातला चहाचा कप खाली ठेवून गप्पच होतात. ते स्वतःला गे म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. सरळ विचार ना, तुम्हाला कोणता शब्द आवडतो, कोणी रागवत नाही रे.