गावात काविळीची साथ आहे आणि पत्नीला सातवा महिना आहे. तिला इतरांपेक्षा अधिक धोका आहे का?

होय, आणि तो थोडाथोडका नाही. पाण्यातून पसरणारी कावीळ आपल्याकडे बहुधा हेपटायटिस ई विषाणूची असते. एरवी तिने शंभरात एखादाच दगावतो, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हे प्रमाण 20 ते 25 पर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. 1955-56 साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली, तेव्हाही गरोदर स्त्रियाच अधिक दगावल्या होत्या.

माझ्या धाकट्या जावेला आठवा महिना होता. आमच्याकडे नळ दिवसाआड येई आणि जलवाहिनी गटाराला खेटून गेलेली. पाणी बंद असताना तिच्या फुटक्या सांध्यांतून घाण आत शिरत असे. सासूबाई तुरटी फिरवून, दुहेरी फडक्याने गाळून पाणी भरत. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही, हे मी सांगितले की गॅस काय फुकट येतो, असे उत्तर मिळे. जावेला मळमळू लागले, तेव्हा पोटुशी बाईला मळमळायचेच, असे सर्वांनी ठरवले. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तेव्हा दीर तिला कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालणाऱ्याकडे घेऊन गेले. माळ लांबली की कावीळ उतरली, अशी समजूत. ओल्या मुळांचे तुकडे सैल गाठींत ओवलेले असतात. ते सुकून आक्रसले की दोरा सुटतो आणि माळ लांबते. माळ बेंबीपर्यंत आली म्हणून घरात समाधान होते. सातव्या दिवशी जाऊ असंबद्ध बोलू लागली. अतिदक्षता विभागात ती वाचली. बाळ राहिले नाही.

गरोदरपणातील प्रत्येक कावीळ ई प्रकारचीच असते असे नाही. हेपटायटिस बी असू शकतो, किंवा रक्तदाब वाढल्याने यकृताला झालेला विकारही, म्हणून रक्ततपासणी डॉक्टरांनाच ठरवू द्या. डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी असलेले रुग्णालय गाठा, कारण ई विषाणूवर गरोदरपणात देता येईल असे खात्रीचे औषध नाही.

सासूबाई आजही ते नशीब म्हणतात. त्या वर्षी माझ्या मुलापुरते पाणी मी वेगळे उकळत असे, त्यावरूनही घरात बोलणी खाल्ली होती. तुमच्याकडे कोणी गॅसचा हिशेब काढलाच, तर पातेले तुम्ही स्वतः चढवा आणि पाण्याला खळखळून उकळी येईपर्यंत तेथेच उभे राहा. ते भांडण पत्नीवर सोपवू नका.