नवशिक्याने कोणती फुटबॅग घ्यावी? क्रोशाची की ३२ पॅनलची, वाळूची की प्लॅस्टिकच्या दाण्यांची?

फुटबॅग, म्हणजेच हॅकी सॅक, ही पायाने उडवत खेळायची मुठीएवढी भरीव पिशवी. तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवस झाले, दाण्यांनी भरलेली क्रोशाची हॅकी सॅक आहे, पाच-सहा किकच्या पुढे गाडी जात नाही आणि पायावर थांबवायला गेलं की ती टुणकन उडते. त्यामुळे आता महागातली ३२ पॅनलची घ्यावी का, असा प्रश्न आहे.

आधी एक ठरवा: फुटबॅग उडवत राहायचीय की पायावर थोपवायचीय? पॅनल (शिवलेले कापडाचे तुकडे) किती, कापड कुठलं, हे सगळं त्यानंतर.

मी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये दोन वर्षं शिकायला होतो. हा खेळ तिथलाच, १९७२ सालचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय मोकळा करायला धडपडणारा जॉन स्टॅलबर्गर आणि घरी शिवलेली पिशवी पायाने उडवत बसणारा माइक मार्शल, या दोघांपासून सुरू झालेला. तिथे हिरवळीवर गोल करून खेळणाऱ्या पोरांकडे बहुतेक क्रोशाचीच असायची. गोलात खेळायला ती छानच. हलकी, स्वस्त, कुणाच्या तोंडावर बसली तरी भांडण नाही. पण तुमच्यासारखीच माझीही दाण्यांनी ठासून भरलेली होती आणि मी तीन महिने स्वतःच्या पायांना दोष देत होतो.

खरा फरक आतल्या भरणात असतो. प्लॅस्टिकचे दाणे भरलेली फुटबॅग हलकी आणि उसळणारी. वाळूची जड, सुस्त. ती पायावर पडली की तिथेच बसते, आणि स्टॉल, म्हणजे पायावर थोपवणं, शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पारखायची सोपी रीत सांगतो. तळहात उपडा धरा आणि वीतभर उंचीवरून ती हाताच्या पाठीवर सोडा. पुरणाच्या गोळ्यासारखी पसरून बसली तर घ्या. लिंबासारखी घरंगळली तर दुकानदार काहीही म्हणो, परत ठेवा. चिमटीत दाबल्यावर खळगा पडून तसाच राहायला हवा, म्हणजे आत जागा रिकामी आहे.

आता ३२ पॅनल. जुन्या फुटबॉलसारखे १२ पंचकोन आणि २० षट्कोन, पण सगळा प्रकार जेमतेम दोन इंचांचा. सिंथेटिक स्वेडची (कृत्रिम, मऊ लवदार चामड्याची) असेल तर बुटावर पकड चांगली मिळते. तुकडे जास्त म्हणून गोलाई चांगली आणि कुठल्याही बाजूने पडली तरी वागणूक सारखी. क्लिपर, मिराज अशा करामती करणारे फ्रीस्टाइलवाले हीच वापरतात. पण नवी कोरी असताना ती बऱ्याचदा कडक असते. टीव्ही बघताना हातात चुरत बसा, आठवडाभरात मऊ पडते. माझ्या मते आत्ता तुम्हाला १२ किंवा १४ पॅनलची, वाळूची पुरेशी आहे. टो स्टॉल (चवड्यावर थोपवणं) दहापैकी सात वेळा जमायला लागला की मग ३२ वर खर्च करा.

तुमचं ध्येय न पाडता जास्तीत जास्त किक मारणं हे असेल, तर मात्र वाळू नको. तिथे जराशी उसळी लागते, नाहीतर पाय भरून येतात. विक्रमवीर टेड मार्टिनने १९९७ मध्ये एकही न पाडता ६३,३२६ किक मारल्या, पावणेनऊ तासांहून जास्त वेळ. मऊ वाळूच्या पिशवीने हे करून बघा म्हटलं तर त्यानेही हात जोडले असते. मध्ये जाळी बांधून खेळायच्या प्रकाराचं गणित अजून वेगळं: बॅडमिंटनएवढं कोर्ट, पाच फुटी जाळी, सगळं पायाने. तिथली फुटबॅग टणक आणि गोल लागते. ती स्टॉलला वापरू नका, वैताग येईल.

घरी करायची हौस असेल तर जरूर करा, पण आत धान्य भरू नका. माझ्या आईने हौसेने क्रोशाची विणून दिली आणि आत बाजरी भरली. जुलैत एकदा गच्चीवर भिजली, मी तशीच पाठीवरच्या बॅगेत टाकली, आणि चार दिवसांनी काढली तर टाक्यांमधून मोड डोकावत होते! आई म्हणाली, उसळ करू का? धुऊन, चाळून, पूर्ण वाळवलेली बारीक वाळू भरा. विणीतून झिरपते म्हणून आत आधी घट्ट कापडाची छोटी पिशवी घाला. आणि तोंडापर्यंत भरायचा मोह आवरा.

एक विचारायचं राहिलं, बूट कुठले घालता? पुढून उतरते, गोल नाकाचे रनिंग शूज असतील तर कुठलीही फुटबॅग घसरणारच. नवीन घेण्याआधी साधे, सपाट चवड्याचे कॅनव्हास बूट घालून बघा. शिवाय आहे त्याच क्रोशाच्या पिशवीचा एक टाका उसवून चमचाभर दाणे काढा, पुन्हा शिवा आणि आठवडाभर खेळा. कदाचित तेवढ्यानेच भागेल. काय होतं ते खाली कळवा.