माओरी प्रतिकार-साहित्याच्या नव्या अभ्यासकासाठी

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या कादंबऱ्यांचा अभ्यास करण्याचे तुम्ही ठरवले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिली कादंबरी उघडण्यापूर्वी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील १८४० च्या वाइतांगी कराराचे दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचावेत, असा माझा आग्रह राहील. इंग्रजी मसुद्यात ब्रिटिश राणीला सार्वभौमत्व दिल्याचे लिहिले आहे. बहुसंख्य प्रमुखांनी सह्या केल्या त्या माओरी मसुद्यात मात्र त्या जागी ‘कावानातांगा’ हा ‘गव्हर्नर’वरून घडवलेला, निव्वळ कारभार सुचवणारा शब्द आहे, आणि जमिनी, वस्त्या आणि मौल्यवान ठेव्यांवरील ‘रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखत्वाचा अधिकार, माओरींकडेच राखलेला आहे. पुढच्या साहित्यात जमिनीविषयी जो सल पानोपानी जाणवतो, तो समजायला हा शब्दांचा फरक फार उपयोगी पडतो.

त्यानंतर पॅट्रिशिया ग्रेस यांची १९८६ ची ‘पोतिकी’ घ्यावी. माओरी शब्दांचे अर्थ देणारी सूची तिच्यात नाही, आणि शेवटही अनुवादाविना माओरीतच येतो. तेथे अडखळलात तर लगेच शब्दकोशाकडे धावू नका, कारण ही कादंबरी कोणाला घरचे मानते आणि कोणाला पाहुणे, हे त्या अडखळण्यातूनच कळते. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा त्यानंतर, १९८७ मध्ये मिळाला.

सिद्धान्त मागाहून वाचले तरी चालतील. लिंडा तुहिवाई स्मिथ यांचे संशोधनपद्धतींवरील १९९९ चे पुस्तक मात्र टाळू नका, आणि ते वाचताना स्वतःची टिपणवही जवळ ठेवून आपण हे ज्ञान कोणासाठी गोळा करत आहोत, हा प्रश्न पहिल्याच पानावर लिहून ठेवा.